चौथा स्लॉट: एका सहकारी बँकेतल्या ब्लेड सर्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक नागरी सहकारी बँक. तीसेक शाखा, मुख्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर स्वतःचं छोटं डेटा सेंटर, ईडीपी म्हणजे संगणक विभागात सहा माणसं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी बँकेचा नोकर नाही. स्टोरेज आणि नेटवर्कची कामं निघाली की बाहेरून बोलावला जाणारा माणूस. २०२२ च्या पावसाळ्यात त्या रात्री मी तिथे हजर होतो आणि एका चुकीला मीही मान डोलावली होती, हे आधीच सांगून टाकतो.

बँकेचं कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती सांभाळणारी प्रणाली, एका ब्लेड चॅसीवर, म्हणजे अनेक सर्व्हर मावणाऱ्या एका सामायिक पेटीवर चालत होतं. ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधा रॅक सर्व्हर म्हणजे स्वतंत्र बंगला, त्याचे पंखे, पॉवर सप्लाय, नेटवर्कची तोंडं सगळं त्याचं त्याचं. ब्लेड म्हणजे चाळीतली खोली. तिच्यात मदरबोर्ड, दोन प्रोसेसर, रॅम आणि फार तर दोन डिस्क. वीज, हवा, नेटवर्क हे सगळं चॅसीकडून मिळतं. ब्लेड समोरून सरकवायचा, खटका दाबायचा, आणि तो आतल्या एका उभ्या पाटीवरच्या कनेक्टरमध्ये बसतो. या पाटीला मिडप्लेन म्हणतात. पुढून ब्लेड, मागून पॉवर सप्लाय, पंखे आणि स्विच, आणि या दोन्ही बाजूंना जोडणारी ही एकच पाटी.

ही कल्पना २००१ च्या सुमारास आरएलएक्स नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने बाजारात आणली. २००२ मध्ये आयबीएमचं ब्लेडसेंटर आलं, ७ यू उंचीत १४ ब्लेड. २००६ मध्ये एचपीने आणि २००८ मध्ये डेलने १० यू उंचीत अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड बसवणाऱ्या चॅसी काढल्या. १ यू म्हणजे पावणेदोन इंच. ४२ यूच्या एका रॅकमध्ये १ यूचे सर्व्हर ठेवले तर ४२ मावतात, अशा चार चॅसी ठेवल्या तर ६४. ज्यांच्याकडे शेकडो सर्व्हर आहेत त्यांना हा हिशेब फार गोड लागतो.

आपल्या बँकेकडे सर्व्हर होते दहा. २०१३ मध्ये चॅसी घेतली तेव्हा "पुढे वाढ होईल" म्हणून सोळा स्लॉटची घेतली आणि नऊ वर्षांनीही सहा स्लॉट रिकामेच होते. चॅसीचा खर्च भरलेल्या स्लॉटांवर वाटला जातो. अर्धवट भरलेली चॅसी म्हणजे चार माणसांसाठी ठरवलेली एसटी. पण ती खरेदी आता होऊन गेली होती. मूळ कंपनीचा सपोर्ट संपल्यावर देखभाल एका तिसऱ्याच फर्मच्या एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात होती.

रचना अशी. स्लॉट १ आणि २ मध्ये डेटाबेसचे दोन नोड. ३ आणि ४ मध्ये कोअर बँकिंगचे दोन अॅप सर्व्हर. ५ मध्ये एटीएम आणि आयएमपीएस (तात्काळ पैसे पाठवण्याची सेवा) यांच्या स्विचशी, म्हणजे व्यवहार बँकाबँकांत फिरवणाऱ्या प्रणालीशी बोलणारा सर्व्हर, ६ मध्ये रिपोर्टचा. खालच्या ओळीत ९, १० आणि ११ मध्ये व्हर्च्युअल मशीनचे (सॉफ्टवेअरने बनवलेल्या सर्व्हरचे) तीन होस्ट आणि १२ मध्ये यूएटी, म्हणजे चाचणीचा सर्व्हर. कागदावर सगळं दोन-दोन होतं. दोन यूपीएस, सहा पॉवर सप्लाय, दोन मॅनेजमेंट मॉड्यूल (चॅसीवर नजर ठेवणारी), दोन स्विच, डेटाबेसचे दोन नोड, दोन अॅप सर्व्हर. तपासणीला येणारे दरवर्षी ही यादी पाहून बरोबरची खूण करून जात. मिडप्लेन त्या यादीत कधीच नव्हता. त्यावर बिघडण्यासारखं काही नसतं म्हणतात, नुसते तांब्याचे मार्ग आणि कनेक्टर. ते खरंही आहे. तो सहसा आपोआप बिघडत नाही, बिघडवला जातो.

त्या रात्रीचं काम

जूनअखेरच्या व्याज आकारणीला अॅप सर्व्हर धापा टाकत होते, म्हणून दोन्हींची रॅम ६४ वरून १२८ जीबी करायची होती. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, म्हणून दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्रीचं काम धरलं. शाखांचा डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब मिटवण्याचं काम, सव्वादहाला आटोपला. ग्राहकांना एसएमएस गेला होता की रात्री ११ ते १ सेवा बंद राहील.

आधीचा आराखडा सरळ होता. चारचा ब्लेड काढायचा, रॅम घालायची, तो चालू झाला की मग तीनला हात लावायचा. सेवा क्षणभरही बंद पडली नसती. दोन अॅप सर्व्हर असतात ते त्यासाठीच. पण एएमसीचा इंजिनियर म्हणाला, "मॅडम, एसएमएस गेलेलाच आहे. दोन्ही एकदम काढतो, तासभर वाचेल." ईडीपीच्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चालेल की."

पहिला चुकीचा निर्णय हा. तो घेताना कोणालाच तो निर्णय वाटला नाही.

सव्वाअकराला दोन्ही ब्लेड टेबलावर होते. रॅम बसली. चारचा ब्लेड परत सरकवताना शेवटच्या अर्ध्या इंचात अडखळला. खटका पूर्ण मिटेना. इंजिनियरने तो बाहेर घेतला, परत ढकलला, या वेळी खटका मिटला. पण ब्लेडवर एकही दिवा लागला नाही आणि मॅनेजमेंट मॉड्यूलला स्लॉट चारमध्ये काही आहे हेच मान्य नव्हतं.

पुढचा तासभर जे झालं ते या धंद्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं आहे. "सर, एकदा रिसीट करतो." म्हणजे काढून परत बसवतो. मग दुसऱ्यांदा रिसीट. मग नवी रॅम काढून जुनी घातली. मग तो म्हणाला, "ब्लेड गेलाय की स्लॉट, हे कळायला हवं. तीनचा चांगला आहे, तो यात घालून बघू." कोणी हरकत घेतली नाही. तीनचा ब्लेड चारमध्ये गेला. तोही मुका. म्हणजे स्लॉट खराब, ब्लेड ठीक, असा निष्कर्ष काढून तीनचा ब्लेड तीनमध्ये परत घातला.

तोही चालू झाला नाही.

रात्रीचा दीड वाजत आला होता. बँकेचे दोन्ही अॅप सर्व्हर बंद, जाहीर केलेली वेळ उलटून गेलेली. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून, यूपीआयला तर रात्र नसतेच. शाखा बंद होत्या, पण बँक बंद नव्हती. आणि पहाटे पाचला बाजार समितीत भाजीचे सौदे सुरू होणार होते. तिथले बरेचसे अडते याच बँकेचे खातेदार.

दीड वाजताचे पर्याय

इंजिनियरने चारचा ब्लेड उचलला आणि रिकाम्या सातव्या स्लॉटकडे वळला. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांबा. कोणी कशाला हात लावू नका. आत्तापर्यंत ज्याला ज्याला हात लावला ते बंद पडलंय."

त्या वाक्याने रात्र वाचली असं मी मानतो. तांत्रिक कारण आम्हाला नंतर कळलं. त्यांनी ते आकड्यावरून हेरलं होतं: एक बिघाड घेऊन सुरुवात केली आणि आता दोन होते.

समोर चार वाटा होत्या. एक, ब्लेड सातव्या स्लॉटमध्ये घालून पाहणं. दोन, बॅकअपमधून अॅप सर्व्हर व्हर्च्युअल मशीन म्हणून उभा करणं. पण अॅप ज्यावर चालतं त्या मिडलवेअर सॉफ्टवेअरचा परवाना नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेला होता आणि तो रात्री दोनला नव्याने मिळणार नव्हता. तीन, दुसऱ्या शहरातल्या डीआर, म्हणजे आपत्कालीन पर्यायी केंद्रावर जाणं. तिथून बँक प्रत्यक्षात कधी चालवलेली नव्हती, आणि जायचं तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची परवानगी हवी होती. साहेबांना फोन करून जागं केलं. त्यांनी एकच विचारलं, "गेलो तर परत येता येईल का?" छातीठोक हो म्हणायला कोणी तयार नव्हतं.

चौथी वाट हीच ब्लेड व्यवस्थेची खरी ताकद आहे, आणि आम्हाला ती सगळ्यात शेवटी आठवली.

चांगल्या चॅसीत सर्व्हरची ओळख लोखंडाला बांधलेली नसते. मॅक पत्ते, फायबर चॅनेलचे वर्ल्डवाइड नेम (ज्यावरून स्टोरेज सर्व्हरला ओळखतं ती नावं), कुठल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या कप्प्यात बसायचं, स्टोरेजवरच्या (सर्व्हरच्या सामायिक डिस्कपेटीवरच्या) कुठल्या डिस्कवरून बूट व्हायचं, हे सगळं एका प्रोफाइलमध्ये असतं आणि ते प्रोफाइल स्लॉटला चिकटवलेलं असतं. ब्लेड बदलला तरी प्रोफाइल तेच. स्टोरेजच्या दृष्टीने सर्व्हर बदललेलाच नसतो. आणि उलटही करता येतं: ब्लेड जागचा न हलवता प्रोफाइल उचलून दुसऱ्या स्लॉटला द्यायचं. बारामधला यूएटीचा ब्लेड तीनच्याच मॉडेलचा होता. तो बंद करून तीनचं प्रोफाइल त्याला दिलं, तर तो उठताना अॅप सर्व्हर एक म्हणूनच उठायला हवा होता. मॅक पत्ता सोबत गेल्यामुळे परवान्यालाही फरक कळला नसता.

चारचं मात्र असं करता येणार नव्हतं. तो ब्लेड नंतर घेतला होता. तेव्हाच्या माणसाने प्रोफाइलमध्ये कारखान्याचेच, म्हणजे त्या ब्लेडलाच चिकटलेले पत्ते ठेवले होते, बहुधा घाईत. म्हणजे तीन वाचण्यासारखा होता, चार नाही.

प्रत्यक्ष काय केलं

सव्वादोनला यूएटी बंद केला, त्याचं प्रोफाइल काढलं, तीनचं लावलं, चालू केला. स्क्रीनवर लॉगिन आलं आणि खोलीत सुटकेचा आवाज झाला. मग मशीनचं नाव वाचलं. तो यूएटीच होता.

त्या ब्लेडमध्ये स्वतःच्या दोन डिस्क होत्या, त्यावर चाचणीची प्रणाली होती, आणि बूटच्या क्रमात त्या पहिल्या होत्या. म्हणजे चाचणीचा सर्व्हर खऱ्या सर्व्हरचे पत्ते घेऊन खऱ्या नेटवर्कवर येऊन बसला होता. अर्ध्या मिनिटात मॅनेजमेंट मॉड्यूलमधून त्या ब्लेडची वीज तोडली. त्याने नेटवर्कवर कोणाशी बोलण्याचा प्रयत्न केला का, हे नंतर लॉगमध्ये तपासलं. सुदैवाने अॅपची सेवा आपोआप सुरू होणारी नव्हती. त्या अर्ध्या मिनिटाची धास्ती मला आख्ख्या रात्रीपेक्षा जास्त वाटते, कारण बंद पडलेली बँक पुन्हा चालू करता येते, चाचणीच्या आकड्यांनी झालेल्या नोंदी निस्तरायला आठवडे जातात.

मग बायॉसमध्ये (ब्लेडच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन स्थानिक डिस्कचा कंट्रोलरच बंद केला. या वेळी तो स्टोरेजवरून बूट झाला आणि तीन चाळीसला अॅप सर्व्हर एक उभा राहिला. ६४ जीबीवर, एकटा. पहिला आयएमपीएस व्यवहार गेला तेव्हा पावणेचार झाले होते. सौदे सुरू व्हायला सव्वा तास होता.

शनिवारी सकाळी काय दिसलं

दिवसाउजेडी, चहा पिऊन, टॉर्च आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने चौथ्या स्लॉटच्या आत पाहिलं. मिडप्लेनवरच्या कनेक्टरच्या एका रांगेत दोन पिना आडव्या झालेल्या होत्या. चारच्या ब्लेडच्या कनेक्टरमध्ये त्याच जागी प्लास्टिक दबलेलं, आणि तीनच्या ब्लेडच्या कनेक्टरमध्येही अगदी त्याच जागी. तिसरा स्लॉट मात्र धडधाकट होता.

म्हणजे घटनाक्रम असा जुळतो. चारचा ब्लेड घालताना पिना वाकल्या. वाकलेल्या पिनांनी ब्लेडच्या कनेक्टरचं तोंड दाबलं. मग आपण चांगला ब्लेड आणून त्याच पिनांवर दाबला आणि त्याचंही तोंड मोडलं. चारचा ब्लेड सातमध्ये घातला असता तर दबलेल्या तोंडाने तिथल्या चांगल्या पिना वाकण्याची पुरेपूर शक्यता होती. मग तोही स्लॉट गेला असता, आणि पुढे त्यात जो ब्लेड गेला असता तोही.

"चांगला भाग आणून अदलाबदल करून बघा" ही पद्धत इलेक्ट्रॉनिक बिघाडाला उत्तम आहे. बिघाड यांत्रिक असेल तर तीच पद्धत तो संसर्गासारखा पसरवते. अडखळलेला खटका ही खूण होती. ती पाहून आधी आत डोकावायला हवं होतं. त्याला लागतं दहा रुपयांचं भिंग आणि एक मिनिट.

पिना मुळात कशामुळे वाकल्या हे ठरलं नाही. इंजिनियरवर खापर फोडायची घाई बँकेत काहींना झाली होती. मला ते पटलं नाही. ब्लेड जड असतो, मागचं टोक हाताने धरलं नाही तर किंचित झुकतो. तो एकट्याने बसवत होता आणि आम्ही चौघे बघत उभे होतो.

पुढचा निर्णय

मिडप्लेन बदलायचा तर आख्खी चॅसी रिकामी करावी लागते. सगळे ब्लेड, स्विच, पॉवर सप्लाय बाहेर. एएमसी फर्मने सहा ते आठ तास सांगितले, आणि सुटा भाग मिळणार तो वापरलेला, दुरुस्त केलेला. इथे चाळीची उपमा पूर्ण होते: दोन खोल्यांचा नळ दुरुस्त करायला सगळ्या बिऱ्हाडांना बाहेर काढायचं.

माझं मत होतं की चौथ्या शनिवारी बँक डीआरवर न्यावी आणि निवांतपणे मिडप्लेन बदलावा. मॅडमचं मत वेगळं होतं. "वापरलेला मिडप्लेन घालून परत आठ ब्लेड त्यात ढकलायचे, आणि त्यात काही झालं तर मागे फिरायची वाट नाही. त्यापेक्षा तिसरा-चौथा स्लॉट सोडून द्या. मला डेटाबेसचे दोन नोड एकाच पेटीत नको आहेत." तिसरा पर्याय संचालक मंडळातून आला, की कोअर बँकिंग सरळ बाहेरच्या सेवादात्याकडे भाड्याने न्यावं. तो वाईट नव्हता, पण त्याला महिने लागतात आणि प्रश्न या महिन्याचा होता.

माझ्या योजनेचा निकाल डीआरच्या सरावाने लावला. आधी कोरडा सराव करू म्हटलं. डेटाबेस व्यवस्थित आला. अॅप दोन पॅच (सॉफ्टवेअर सुधारणा) मागे निघालं. आणि एटीएम स्विचकडून डीआरकडे येणारा रस्ता फायरवॉलवर उघडलेलाच नव्हता. कागदावर हा सराव दरवर्षी यशस्वी होत आला होता. डीआर तयार नाही म्हटल्यावर मिडप्लेन उघडायला घेणं हा जुगार होता आणि मी तो मुद्दा सोडला.

२ यूचे दोन साधे रॅक सर्व्हर मागवले. एकावर डेटाबेसचा दुसरा नोड, दुसऱ्यावर दुसरा अॅप सर्व्हर. तिसऱ्या-चौथ्या स्लॉटवर रिकाम्या पट्ट्या लावल्या. या पट्ट्या शोभेच्या नसतात. तोंड उघडं राहिलं तर पंख्यांची हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि शेजारचा ब्लेड तापतो. तीनच्या ब्लेडचा बोर्ड एएमसीतून बदलून आला. सातव्या स्लॉटचे आणि त्या ब्लेडच्या कनेक्टरचे फोटो काढून, मोठे करून पाहिले, आणि मग दोघांनी धरून तो बसवला. प्रोफाइल बारावरून सातवर आणलं. लागला दिवा.

परिणाम, आणि काय वेगळं करता आलं असतं

मिडप्लेन शेवटपर्यंत बदलला नाही. मॅडमचा निर्णय बरोबर होता असं मी आता म्हणतो, तेव्हा म्हणालो नव्हतो. एक टोचणी राहते: त्या चॅसीवर अजून एक डेटाबेस नोड, एक अॅप सर्व्हर आणि तिन्ही व्हर्च्युअल होस्ट आहेत. तीन होस्टपैकी एक तरी बाहेर काढावा असं मी दोनदा लिहून दिलं. पुढच्या अंदाजपत्रकात बघू, असं उत्तर आलं.

वेगळं काय करता आलं असतं याचा विचार करताना मला रात्री दीडचा क्षण आठवत नाही, तिथे बरं वागलो. आठवतो तो सव्वाअकराचा. दोन्ही ब्लेड एकदम काढले नसते तर चारचा स्लॉट मोडूनही बँक तीनवर चालत राहिली असती, आणि तीनचा चालू ब्लेड काढून चारमध्ये घालायचं धाडस कोणी केलंच नसतं. चारचं प्रोफाइल नीट केलं असतं, तर दोन्ही अॅप सर्व्हरना दुसरं घर देता आलं असतं. ती अर्ध्या तासाची कामं होती, काही वर्षं राहून गेलेली. आता तिथे दर तिमाहीला कोणता ब्लेड कोणत्या प्रोफाइलवर आहे आणि त्याच्या स्थानिक डिस्कवर काय आहे, याचा तक्ता भरला जातो. रॅकच्या आतल्या बाजूला दोरीने बांधलेलं एक भिंग लटकतं.

एक किंमत मात्र आम्ही कोणीच धरली नव्हती. यूएटीचा ब्लेड जवळपास दोन महिने अॅप सर्व्हरचं काम करत होता, म्हणजे तेवढे दिवस बँकेकडे चाचणीला जागाच नव्हती. त्या काळात दंडव्याजाचा एक छोटा पॅच थेट चालू प्रणालीवर गेला. त्यात काही कर्जखात्यांना दंडव्याज दुप्पट लागलं, आणि मॅडम व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तीन दिवस बसून एकेक खातं उघडून ते हाताने उलटवलं.